घरघंटी आणि ‘तीन दुरुस्त्यांचा नियम’

आमच्या घरची घरघंटी अकराव्या दिवशी बंद पडली. आधीचे दहा दिवसही तिने सुखाने जाऊ दिले नव्हते. गव्हाला ती कशीबशी चाले. बाजरी टाकली की पाचव्या मिनिटाला आवाज जड होई, मोटारीला जळका वास येई आणि डब्यात पडणारे पीठ हाताला चटका देई. आमच्या सोनई गावातल्याच दुकानातून घेतलेली, पक्क्या बिलावर, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का मारून. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, “सर, आता हे माझ्या हातात राहिलं नाही. कंपनीला फोन लावा, तेच काय ते सांगतील.”

कंपनीच्या टोल-फ्री नंबरावर पलीकडची मुलगी अगदी शांतपणे, पाठ केल्यासारखे बोलली. कंपनी विकलेला माल परत घेत नाही. दुकानदारालाही तो परत घेता येत नाही. आणि किमान तीन वेळा दुरुस्ती झाल्याशिवाय बदली पीस मिळत नाही, “ऐसा नियम है, सर.” कुठला नियम, असे विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “कंपनी का नियम.” माणूस कधी येईल, याचे उत्तर होते ‘बहात्तर तासांत’. तो आठव्या दिवशी आला, झाकण काढून आत डोकावला, फोटो काढले आणि गेला.

या अनुभवात काही विशेष नाही. मोबाइल, फ्रिज, बोअरची मोटार, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप; वस्तू बदलते, संवाद तोच राहतो. पण मला त्यात एक गोष्ट वेगळी काढून पाहावीशी वाटली. वस्तू सदोष निघणे हा पहिला घाव. त्या वस्तूचे काय करायचे याबद्दल बनवणाऱ्यानेच चुकीचे सांगणे हा दुसरा, आणि ग्राहकाचे जास्त नुकसान बहुधा हा दुसराच करतो, कारण तो दिवस खातो. परतीच्या हक्काचे सारे गणित दिवसांवर बांधलेले आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आज लागू आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, अमलात आलेला २० जुलै २०२० रोजी. त्याआधीचा १९८६ चा. आणि त्याही आधी, १९७४ साली, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली होती, म्हणजे या विषयात महाराष्ट्र दिल्लीच्या मागे कधीच नव्हता. २०१९ च्या कायद्यातल्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणजे काय याची लांबलचक व्याख्या आहे. बिल न देणे ही त्यातली एक प्रथा. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणे ही दुसरी. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती. बिलावर काहीच नसेल तर तीस दिवस.

ही ओळ बरेच जण अर्धवट ऐकतात. शब्द ‘सदोष’ आहे. साडीचा रंग घरी आल्यावर डोळ्यांत भरला नाही, किंवा तोच मिक्सर नेवाशात दोनशे रुपयांनी स्वस्त मिळत होता, म्हणून माल परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत काहीही कारण न देता परत करता येते. आपल्याकडे तशी सोय दुकानाने किंवा ॲपने स्वतःहून दिली तरच. दुकानदारांची बाजू मी इथे मानतो. वापरून, लग्नात मिरवून झाल्यावर परत आणलेल्या वस्तू त्यांनीही पाहिलेल्या असतात.

पण दोष असेल तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला काही किंमत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने १९९९ सालीच राज्यांना कळवले होते की अशी ओळ बिलावर छापणे हीच अनुचित प्रथा आहे. तरी आपल्या बिलबुकांवर ती आहेच. छापखान्यात बिलबुकाचा नमुना तयार असतो. वर दुकानाचे नाव आणि देवाचे चित्र बदलते, खालची ओळ तशीच राहते. दुकानदारानेही ती कधी वाचलेली नसते. सोनईपासून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. घरांना दारे नाहीत असा त्या गावाचा लौकिक, आणि २०११ साली यूको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. तिथल्या दुकानांच्या बिलांवर हे शाब्दिक कुलूप आहे की नाही ते पाहायला एकदा जायला हवे.

याहून जुना आणि माझ्या मते जास्त उपयोगाचा कायदा १९३० चा, मालविक्रीचा. त्यात दोन कलमे शेजारी-शेजारी आहेत. कलम ४२ सांगते की माल घेऊन वाजवी काळ उलटला आणि तोवर तुम्ही तो नाकारल्याचे विक्रेत्याला कळवले नाही, तर तुम्ही तो स्वीकारला असे धरले जाते. आता घरघंटी आठवा. कंपनी म्हणते थांबा, माणूस येईल. माणूस म्हणतो रिपोर्ट पाठवलाय, थांबा. पार्ट यायचाय, थांबा. ग्राहक सज्जनपणे थांबतो, आणि त्या थांबण्यालाच पुढे ‘तुम्ही तर वापरत होता की’ असे नाव मिळते. चुकीचा सल्ला इथे खरा चावतो.

कलम ४३ मात्र ग्राहकाच्या बाजूचे, आणि सोनईसारख्या गावात तर फारच. माल नाकारण्याचा हक्क असेल आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो विक्रेत्याकडे नेऊन पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नाही. नाकारला आहे एवढे कळवले की पुरे. “घंटी नगरच्या सर्व्हिस सेंटरला आणून द्या, मग बघू” असे मला दुसऱ्या फोनवर सांगण्यात आले होते. पन्नासएक किलोचे ते धूड टेम्पोत घालून पस्तीस-चाळीस किलोमीटर न्यायचे, भाडे आपले, उतरवायला हमाल आपला. १९३० च्या कायद्यात याला उत्तर आहे, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

मग परत घ्यायचे कोणी, दुकानदाराने की कंपनीने? गावात हा प्रश्न कायद्यापेक्षा नात्याचा असतो. दुकानदाराशी रोज राम राम होतो, त्याच्याकडे उधारी असते, त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या वर्गात असतो. कंपनी म्हणजे कुठला तरी दूरचा आवाज. म्हणून आपण दुकानदाराला सोडतो आणि आवाजाच्या मागे लागतो. कायद्याचा क्रम उलटा आहे. पैसे आपण दुकानदाराला दिले, करार त्याच्याशी झाला. सदोष माल परत घेण्याचे पहिले उत्तरदायित्व त्याचे. त्याने पुढे कंपनीकडून वसूल करावे. ‘दुकानदाराला परत घेता येत नाही’ हे टोल-फ्रीवरचे वाक्य म्हणूनच सर्वांत घातक. ते खोटे तर आहेच, शिवाय दुकानदाराला आयती पळवाट देते. खरे तर दुकानदारही इथे अडकलेला असतो. कंपनी त्याच्याकडून आगाऊ पैसे घेते, बदली पीस द्यायला महिने लावते, आणि शिव्या त्यालाच खाव्या लागतात.

कंपनी मात्र हमीपत्रातून थेट आपल्याशी बांधली जाते, तेवढी ती जबाबदार. पण दुकानदाराच्या प्रत्येक करणीचे खापर आपोआप कंपनीवर फुटत नाही, हे गोव्यातल्या एका खटल्याने दाखवले. तिथल्या एका ग्राहकाने २०११ च्या बनावटीची म्हणून गाडीचे पैसे भरले. हातात पडली २००९ ची, तीही आधीच काहीशे किलोमीटर पळालेली. त्याने पैसे किंवा दुसरी गाडी मागितली. गोव्याच्या जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत विक्रेता आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरले गेले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळे केले: विक्रेता आणि कंपनी यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, आणि विक्रेत्याच्या या फसवणुकीची कंपनीला माहिती होती असे तक्रारीत म्हटलेले किंवा सिद्ध झालेले नव्हते. ग्राहकासाठी यातला धडा व्यवहाराचा आहे. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा, आणि कंपनीने नेमके काय सांगितले, कोणत्या तारखेला, ते वेगळ्या परिच्छेदात लिहा. ‘कंपनीही जबाबदार आहे’ एवढ्या मोघम वाक्यावर भागत नाही.

दुसरा एक निकाल ग्राहकांना फारसा आवडणार नाही. मारुती उद्योगच्या २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणजे ‘बदली पीसच हवा’ हा हट्ट प्रत्येक वेळी टिकेलच असे नाही. दोष मूळ बनावटीतला आहे हे दाखवावे लागते. पण याच निकालाचा आधार घेऊन ‘तीन दुरुस्त्यांचा नियम’ कोणी काढत असेल, तर तो तिथेही नाही. किती दुरुस्त्यांनंतर बदली, असा आकडा आपल्या ग्राहक कायद्यात नाही.

२०१९ च्या कायद्याने ‘उत्पादन दायित्व’ असे नवे प्रकरण आणले आणि त्याचे बरेच कौतुक झाले. कलम ८४ प्रमाणे चुकीच्या वापराने इजा होऊ नये म्हणून पुरेशा सूचना दिल्या नाहीत, तरी उत्पादक दायी ठरतो. ऐकायला भारदस्त आहे. पण त्या प्रकरणातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा वगळला आहे. घंटीने हात कापला तर हे प्रकरण कामाचे. घंटी नुसतीच जळली तर नाही. त्या वेळी ‘सदोष वस्तू’, ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित प्रथा’ ही जुनी अवजारेच काढायची. त्यातले ‘त्रुटी’ आपल्या विषयाला सर्वांत जवळचे, कारण ग्राहकाला आवश्यक माहिती जाणूनबुजून न देणे हेही कायद्याने त्रुटीत धरले आहे. विक्रीनंतरची मदत ही सेवा, आणि त्या सेवेत परतीच्या हक्काबद्दल दिशाभूल करणे ही त्रुटी. हमीचे किंवा बदलून देण्याचे दिशाभूल करणारे आश्वासन तर अनुचित प्रथेच्या व्याख्येत शब्दशः आहे.

आमच्या नेवासा तालुक्यात मात्र या विषयावर लिहायचे आणि बियाण्याबद्दल लिहायचे नाही, हे चालणार नाही. मुळा उजव्या कालव्याचे पाणी, मुळा कारखान्याचा ऊस, घोडेगावला जाणारा कांदा. इथल्या घरात सर्वांत मोठी खरेदी दुकानातून होत नाही, ती कृषी सेवा केंद्रातून होते. आणि बियाणे ही अशी वस्तू की दोष कळेपर्यंत ती परत करायला उरलेलीच नसते. ती मातीत गेलेली असते. उगवण झाली नाही की कंपनीचा माणूस बांधावर येतो आणि ठरलेली कारणे सांगतो: पेरणी खोल गेली, ओल कमी होती, घरची बीजप्रक्रिया चुकली. आणि मग सल्ला: “मोडून टाका आणि दुबार पेरा, हंगाम कशाला घालवता?” सल्ला शेतीच्या हिशेबाने बरोबरही असेल. पण नांगर फिरला की पुरावा गेला. पंचनाम्याआधी मोडायला सांगणे, याहून महागडा चुकीचा सल्ला मला माहीत नाही.

या बाबतीत न्यायालये शेतकऱ्याच्या बाजूने बरीच पुढे आलेली आहेत. १९९८ साली, जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीविरुद्ध आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश कायम ठेवला. कंपनीचे म्हणणे होते की बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालीच नाही; ते टिकले नाही. मग २०१२ चा, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनविरुद्धचा निकाल आला. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. १९६६ चा बियाणे कायदा असला म्हणून ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही. आणि सगळे बियाणे पेरणाऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवला असेल अशी अपेक्षा धरता येत नाही, हे त्यात स्पष्ट झाले. ‘पिकवून विकतो म्हणजे व्यापारी हेतू’ हा कंपन्यांचा लाडका मुद्दाही तिथेच निकालात निघाला.

निकाल असे असले तरी मूठभर बी, रिकामी पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि लॉट नंबर असलेले बिल हे चार ऐवज डब्यात घालून ठेवणारा शेतकरी नेहमी वरचढ ठरतो. तक्रार लेखी करायची ती तालुक्याच्या कृषी कार्यालयात. तिथली तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते, तिच्यात कृषी विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा शास्त्रज्ञ असतो, आणि आपल्याकडे तर राहुरीचे विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. कंपनीच्या माणसाने लिहून नेलेल्या कागदाला समितीच्या पंचनाम्याची सर नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्या-विदर्भातून तक्रारींचा पूर आला, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने आपणहून दखल घेतली होती. ज्यांच्याकडे कागद होते, त्यांचीच गाडी पुढे सरकली.

चुकीच्या सल्ल्याला स्वतंत्र अपराध मानून दंड ठोकण्यात ऑस्ट्रेलिया सर्वांत पुढे. तिथे २०१३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डला ३० लाख डॉलरचा दंड झाला. कारण संगणक खराब होते एवढेच नव्हते. बदली मिळण्याआधी अनेकदा दुरुस्ती करून घ्यावी लागेल, हमी संपली की काही मिळणार नाही, असे कॉल सेंटरवरून ग्राहकांना सांगितले जात होते. आमच्या टोल-फ्रीवरच्या मुलीचे वाक्य आणि हे वाक्य यांत भाषेचाच काय तो फरक. २०१८ मध्ये ॲपलला ९० लाख डॉलर: बाहेरच्या दुकानात स्क्रीन दुरुस्त केला म्हणून फोन आम्ही बदलून देणार नाही, असे शेकडो ग्राहकांना सांगितल्याबद्दल. तिथे ग्राहकाने एकेकट्याने लढायचे नसते, सरकारी आयोग कंपनीला कोर्टात खेचतो.

आपल्याकडे त्या धर्तीचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० पासून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने ओला या टॅक्सी ॲपला सांगितले की परतावा फक्त कूपनमध्ये देऊन चालणार नाही, बँक खात्यात हवा की कूपन हे ग्राहक ठरवील. आदेश चांगला. पण असे आदेश अजून बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही ॲपवाल्या मोठ्या नावांपुरते. घरघंटी, मोटार, फवारणी पंप बनवणाऱ्या मधल्या कंपन्यांच्या कॉल सेंटरांना कोणी हात लावलेला नाही. ग्राहकाला हक्काबद्दल खोटे सांगणारी ‘स्क्रिप्ट’ लिहिणाऱ्यावर प्राधिकरणाने थेट दंड करावा. जिल्हा आयोगांतली निम्मी भांडणे तिथपर्यंत पोचणारच नाहीत, असे माझे मत आहे.

ऑनलाइन खरेदीचे थोडक्यात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. ‘या वस्तूला रिटर्न नाही’ असे पडद्यावर लिहिले असले तरी हे लागू आहे.

प्रत्यक्षात करायचे काय? पहिले म्हणजे फोनवर भांडत बसू नका, लिहा. फोनवर कंपनीने जे सांगितले तेच तिला लिहून पाठवा: अमुक तारखेला, अमुक तक्रार क्रमांकावर, मला असे सांगण्यात आले, हे चूक असेल तर सात दिवसांत कळवा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि ते न येणेच पुढे उपयोगी पडते. त्याच पत्रात ‘मी हा माल नाकारत आहे, आपण घेऊन जावा’ हे वाक्य घाला आणि एक प्रत दुकानदाराला द्या. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. कंपनीकडे ती पाठपुरावा करते, हुकूम मात्र देऊ शकत नाही. तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आणि नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. उशीर कंपनीच्या चुकीच्या सांगण्यामुळे झाला असेल तर तो माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्या भरवशावर बसू नये.

तक्रार जिथे आपण राहतो तिथे करता येते. बिलावर ‘न्यायक्षेत्र’ म्हणून भलत्याच शहराचे नाव असले तरी सोनईकराला नगरचा जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असे नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. कंपनीला उत्तरासाठी तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्के केले. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असे कायद्यात लिहिले आहे. ते पाळले जाते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण बऱ्याच तक्रारी निकालापर्यंत जातच नाहीत. नोटीस पोचली की कंपनीचा सूर बदलतो.

आमच्या बाबतीत नोटिशीचीही वेळ आली नाही. एकोणिसाव्या दिवशी मी कलमांसह दोन पत्रे लिहिली, एक स्पीड पोस्टाने कंपनीला आणि एक हातात दुकानदाराला. त्याने ते वाचले, घडी घातली आणि म्हणाला, “सर, याची एक झेरॉक्स मला द्या. माझेही चार पीस तिकडं अडकलेत.” बारा दिवसांनी टेम्पोतून नवी घंटी आली. तीन दुरुस्त्यांच्या नियमाचे काय झाले ते कोणी सांगितले नाही. जुनी घंटी नेणाऱ्या माणसाने एक छापील कागद पुढे केला: ‘ग्राहकाची कोणतीही तक्रार नाही.’ मी त्यावर पहिल्या फोनपासूनच्या सगळ्या तारखा लिहिल्या आणि त्यांच्या खाली सही केली.